पाटीवरची तारीख

नोव्हेंबरातला मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा, इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका सरकारी शाळेतला आठवीचा वर्ग. इथली आठवी म्हणजे बारा-तेरा वर्षांची मुलं. एकूण अठ्ठावीस जण, प्रत्येकाच्या हातात वहीएवढी पांढरी पाटी आणि एक मार्कर. फळ्यापाशी शिक्षकाचं प्रशिक्षण घेणारा तरुण आणि बाजूच्या भिंतीला खुर्ची लावून त्याची मेंटर म्हणून मी. (मेंटरने वर्गाच्या मागे बसू नये. मागून फक्त शिक्षक दिसतो. बाजूला बसलं की मुलांचे चेहरे दिसतात आणि पाट्याही दिसतात.)

पडद्यावर प्रश्न होता: बौद्धांच्या मते पुनर्जन्म कधी होतो? त्याने तीन-दोन-एक मोजलं आणि पाट्या वर गेल्या. सत्तावीस पाट्यांवर ‘मेल्यानंतर’ किंवा त्याच अर्थाचं काहीतरी. खिडकीजवळच्या मुलीच्या पाटीवर लिहिलं होतं: १४ ऑक्टोबर १९५६.

‘‘ही तर तारीख झाली. प्रश्न परत वाच,’’ तो म्हणाला. आवाज अगदी सौम्य. मुलीने स्वेटरच्या बाहीने पाटी पुसली आणि शेजारणीच्या पाटीकडे बघून ‘मेल्यानंतर’ लिहिलं. त्याने मान डोलावली, पुढची स्लाइड आली. सगळं मिळून चारेक सेकंद. मी कागदावर वेळ टिपली, ११.२४, आणि पुढे फक्त ‘तारीख’ असा एक शब्द.

मराठी वाचकाला ही तारीख समजावून सांगायला नको. नागपूरची दीक्षाभूमी, अशोक विजयादशमी, पांढऱ्या कपड्यांतले लाखो लोक. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग जमलेल्यांना धम्मदीक्षा देताना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली एकविसावी प्रतिज्ञा आज माझा नवा जन्म होत आहे, असं मानण्याची. ज्या घरात ही प्रतिज्ञा पाठ आहे, त्या घरातल्या मुलीला ‘पुन्हा जन्म कधी होतो’ असं विचारलं तर तिने तारीख लिहिली, यात चुकलं काय?

निरीक्षणाच्या तासात मेंटरने मध्ये बोलायचं नाही, हा नियम आहे. कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तरच उठायचं. मी उठले नाही. आजही वाटतं, तेच बरोबर होतं. मी बोलले असते तर अठ्ठावीस माना त्या मुलीकडे वळल्या असत्या, आणि वर्गासमोर तिच्या घराचा धर्म उलगडून सांगायचं काम तिच्या परवानगीशिवाय मी केलं असतं.

आता हा तास मुळात कशाचा, ते सांगते, कारण आपल्याकडे असा विषयच नाही. इंग्लंडमध्ये ‘रिलिजस एज्युकेशन’, शाळेच्या बोलीत आर.ई., सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत सक्तीचं आहे. सक्ती १९४४ च्या कायद्याची. १९८८ च्या कायद्याने असं ठरवलं की अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरा मुख्य असेल, पण देशातल्या इतर प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही असायला हवेत. गंमत म्हणजे सक्तीचा असूनही हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही. प्रत्येक स्थानिक प्रशासन आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतं आणि दर पाच वर्षांनी तपासतं. पालकांना मुलाला या तासाला न बसवण्याचा हक्क आहे. आमच्या शाळेत तास आठवड्याला एक, साठ मिनिटांचा. मुलांना धार्मिक करणं हा त्याचा हेतू नाही, अधार्मिक करणं हाही नाही. भारतात राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं, असा फरक कोठारी आयोगाने केला होता, पण त्यातून शाळेत वेगळा विषय उभा राहिला नाही. त्यामुळे तत्त्वज्ञान, पाली किंवा तुलनात्मक धर्म घेऊन एम.ए. झालेल्याने बी.एड.ला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, अध्यापन पद्धती कुठल्या विषयाची घेणार? इथे तो प्रश्न येत नाही. इथे दुसरेच येतात.

मार्ग साधा आहे. तीन वर्षांची पदवी धर्म-अभ्यासाची. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असलं तरी चालतं, फक्त पदवीचा साधारण अर्धा भाग विषयाशी जुळावा एवढं बघतात. दहावीच्या पातळीची इंग्रजी आणि गणितातली किमान ग्रेड ४. मग एका वर्षाची पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, ज्यात किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत, तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत. आठवड्याला दीड तास मेंटरबरोबर. शेवटी आठ शिक्षक-मानकांवर तपासणी आणि क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा. त्यानंतर नोकरीची पहिली दोन वर्षं उमेदवारीची: पहिल्या वर्षी दहा टक्के तास कमी, दुसऱ्या वर्षी पाच.

अडतं ते दोन्ही शिक्षणं जोडताना. पदवी खोल असते आणि अरुंद. तीन वर्षांत माणूस दोन-तीन परंपरा नीट शिकतो. शाळेला मात्र सहा धर्म हवे असतात: ख्रिस्ती, इस्लाम, ज्यू, हिंदू, शीख, बौद्ध. शिवाय मानवतावादासारख्या निधर्मी भूमिका. म्हणून पीजीसीईच्या आधीच प्रत्येकाकडून विषयज्ञानाचा तक्ता भरून घेतात. उभ्या रांगेत धर्म. आडव्या रांगेत ग्रंथ, श्रद्धा, आचार, नीती, इतिहास, आजचं वास्तव. प्रत्येक चौकटीला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. आमच्या तरुणाला प्रथम श्रेणी होती. प्रबंध पाली सुत्तांमधल्या प्रतीत्यसमुत्पादावर, म्हणजे प्रत्येक गोष्ट कशावर तरी अवलंबून घडते या बौद्ध सिद्धांतावर. तक्त्यात शीख धर्माच्या सगळ्या चौकटी लाल होत्या, म्हणून उन्हाळाभर त्याने गुरू ग्रंथ साहिबाबद्दल वाचलं, दोन गुरुद्वारांत जाऊन आला. बौद्ध धर्म पूर्ण हिरवा. गाडी घसरली ती हिरव्या चौकटीत.

हे मी अनेकदा पाहिलंय. लाल चौकटीतला धडा माणूस भीत भीत तयार करतो, चार जणांना विचारतो, शब्द तोलून वापरतो. हिरव्या चौकटीत तो विभागाची जुनी स्लाइड उचलतो. ती स्लाइड आमच्याच विभागाने बनवलेली, चार वर्षं वापरातली. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं: ‘सर्व बौद्ध पुनर्जन्म मानतात.’ तेव्हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. ती स्लाइड मीही दोनदा शिकवली होती. माझ्या वर्गात ती मुलगी नव्हती, एवढाच फरक. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये बौद्ध होते अर्धा टक्का, म्हणजे सरासरीने दोनशे मुलांत एक. चूक दाखवणारं मूल समोर येईपर्यंत एखादी स्लाइड वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू शकते.

दुपारी दीड तासाची बैठक. मी निरीक्षणाचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि ‘तारीख’ या शब्दावर बोट ठेवलं. ‘‘ही काय आहे?’’ त्याने दहाएक सेकंद पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्याला माहीत होतं! दुसऱ्या वर्षाला आधुनिक बौद्ध चळवळींवर एक अख्खं व्याख्यान झालं होतं. आंबेडकर, नागपूर, नवयान, सगळं. इतकंच नाही, प्रबंधासाठी त्याने वाचलेल्या पालीत शब्द आहे ‘पुनब्भव’, म्हणजे पुन्हा होणं. एका शरीरातून दुसऱ्यात जाणारा आत्मा बौद्ध विचारात नाहीच. त्यामुळे ‘पुनर्जन्म होतो’ म्हणजे नक्की काय होतं, यावर त्याने दहा हजार शब्द लिहिले होते. बाबासाहेबांनीही नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आलेल्या धम्मावरच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते विचारतात की आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे. आणि चार आर्यसत्यं बुद्धाची मूळ शिकवण असतील का, याबद्दलही शंका घेतात. म्हणजे त्या वर्गात त्या मुलीशी बोलायला सगळ्यात लायक माणूस फळ्यापाशीच उभा होता.

मग ते ज्ञान ऐन वेळी हाताशी का आलं नाही? पाट्यांची पद्धत आम्ही शिकवतो ती समज तपासण्यासाठी. नवखा शिक्षक मात्र पाट्यांवर फक्त अपेक्षित शब्द शोधतो. अठ्ठावीस पाट्या, हातात पाच सेकंद, डोक्यात पुढची स्लाइड, त्यामुळे डोळे ‘मेल्यानंतर’ मोजतात आणि उरलेलं ‘चूक’ या पेटीत टाकतात. विद्यापीठात न जुळणारं उदाहरण सापडलं की माणूस खूश होतो, त्यावर निबंध लिहितो. वर्गात तेच उदाहरण त्याला अडथळा वाटतं, कारण घड्याळ चालू असतं.

बैठकीत मी एकच लक्ष्य देते. तीन दिली की आठवड्यात एकही होत नाही. इथे मोह होता ‘आंबेडकरांवर वाच’ म्हणायचा, पण तो त्यावर माझ्यापेक्षा जास्त वाचून बसलेला. लक्ष्य ठरलं पाट्या वाचण्याचं, आणि ते पायऱ्यांत मोडलं. पाट्या वर गेल्या की बोलायचं नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं. नजर मागच्या डाव्या कोपऱ्यातून रांगेरांगेने पुढे आणायची, कारण सवयीने नजर मधल्या दोन बाकांवरच खिळते. एक अपेक्षित आणि एक अनपेक्षित उत्तर निवडायचं. दोघांनाही तोच प्रश्न, त्याच आवाजात: ‘तू असं का लिहिलंस?’ फक्त चुकलेल्यालाच ‘का’ विचारलं की आठवड्याभरात मुलं ओळखतात की ‘का’ म्हणजे चूक, आणि शेजाऱ्याची पाटी बघून लिहायला लागतात. आणि उत्तर घरातलं, खाजगी वाटलं तर मोठ्याने काहीच विचारायचं नाही. ‘हे मला तासानंतर सांगशील?’ एवढंच. या सगळ्याला वेळ लागतो दीड मिनिट. तो काढायला त्याने दोन स्लाइड उडवल्या, त्यातली एक ती चार वर्षांची जुनी.

दुसरं काम भाषेचं. ‘सर्व बौद्ध’ काढून ‘काही बौद्ध’ लिहिलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. होत नाही. ‘काही लोक मानतात, काही मानत नाहीत’ हे वाक्य कुठल्याही धर्माबद्दल खरं आहे, म्हणून निरुपयोगी आहे; पुढे परीक्षेतही त्याला गुण मिळत नाहीत. आमच्या विभागात आता नियम आहे, ‘काही’ लिहिलं की लगेच कोण, कुठले, केव्हा हे यायलाच हवं. ‘तिबेटी परंपरेत’. ‘थायलंडमधल्या भिक्खूंच्या मते’. ‘१९५६ नंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत’. आणि ही शेवटची ओळ तळटीप म्हणून टाकायची नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेत ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. एवढ्या माणसांचा बौद्ध धर्म आमच्या पुस्तिकेत नव्हताच.

यासाठी वॉरिक विद्यापीठातले रॉबर्ट जॅक्सन यांची मांडणी कामाला येते. ती पीजीसीईत शिकवतात, पण बहुतेकांना ती फक्त असाइनमेंटपुरती आठवते. तीन पायऱ्या: व्यक्ती, तिचा गट, आणि मोठी परंपरा. धर्म शिकवताना या तिन्हींमध्ये ये-जा करायची. परंपरेवरून व्यक्तीचा निष्कर्ष काढायचा नाही आणि एका व्यक्तीवरून परंपरेचाही नाही. त्याआधीची पिढी निनियन स्मार्ट यांची. १९६७ साली लँकेस्टरला त्यांनी धर्म-अभ्यासाचा विभाग सुरू केला, आणि विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, नीती, समाज असे धर्माचे पैलू पाडून शाळांनाही एक चौकट दिली. ती अजून वापरतो, पण चौकटी भरताना धर्म एकजिनसी दिसायला लागतो हा तिचा तोटा. आमची स्लाइड त्याचाच नमुना.

आता ती मुलगी. धार्मिक घरातल्या मुलाला वर्गात ‘तुम्ही घरी कसं करता गं?’ असं विचारणं ही या विषयातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगल्या हेतूने होणारी चूक आहे. मूल एका क्षणात साऱ्या धर्माचं वकील होतं. त्याला उत्तर येत नसेल तर लाज, येत असेल तर पुढचे सहा महिने मधल्या सुट्टीत प्रश्न. म्हणून आधी खाजगीत विचारायचं आणि तीन पर्याय द्यायचे: बोलशील, नाव न सांगता लिहून देशील, की काहीच नको? तिसरा पर्याय पहिल्या दोघांइतक्याच सहज आवाजात सांगायचा, नाहीतर तो पर्याय राहत नाही. बुधवारी त्याने तिची माफी मागितली आणि तिला विचारलं. तिने सांगितलं की तारीख तिच्या पणजीची. पणजी त्या दिवशी मैदानावर होती, आणि घरात तिचा वाढदिवस त्याच तारखेला करतात. मग म्हणाली, ‘‘तारीख सरांनीच सांगायची. मी नाही सांगणार.’’

घरी फोन करायचा होता. प्रशिक्षणार्थी एकट्याने पालकांना फोन करत नाहीत, शेजारी मेंटर असते. मला वाटलं, मराठी घर आहे, सुरुवात मी करावी. मी नाव-आडनाव सांगितलं, मराठीत बोलायला लागले. पलीकडून ‘‘हो मॅडम, बोला ना’’ आलं, पण त्याआधी एक छोटी शांतता होती. ती कशाची, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही कळेल. माझ्या आडनावाने माझी जात आधीच सांगून टाकली होती, आणि महाराष्ट्रापासून सुमारे पाच हजार मैलांवरच्या शाळेतून मुलीच्या धर्माबद्दल फोन करणारी बाई त्या आडनावाची निघाली होती. मी दोन वाक्यांत विषय सांगितला आणि फोन त्याच्या हातात दिला. तो इंग्रजीत बोलला, चूक त्याची होती हे आधी बोलला, पुढच्या तासाला काय करणार ते सांगितलं. पाच-सात मिनिटांनी आईच त्याला प्रतिज्ञांचं कुठलं इंग्रजी भाषांतर बरं, ते सांगत होत्या. त्या दिवसापासून मी एक धरून चालते: एखाद्या समाजाची भाषा येणं म्हणजे त्या समाजाचा विश्वास मिळणं नव्हे. कधीकधी बाहेरच्याकडून गेलेला फोन बरा.

पुढच्या मंगळवारचा तास तयार करताना खरा वाद झाला तो प्रतिज्ञांवरून. वर्गात सात मुलं हिंदू घरांतली. त्याने निवडलेल्या सहा प्रतिज्ञा होत्या समतेची नववी, अष्टांगमार्गाची अकरावी, चोरी-खोटेपणा-दारू न करण्याच्या तीन, आणि एकविसावी. गोड निवड. पण एवढंच शिकवलं तर बावीस प्रतिज्ञा म्हणजे शहाण्या मुलांच्या सवयींची यादी होते आणि लाखो लोकांनी एका दिवसात धर्म का बदलला, ते कोणालाच कळत नाही. ब्रह्मा-विष्णू-महेशाला न मानण्याची पहिली, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे नाकारणारी पाचवी आणि जुना धर्म सोडण्याची एकोणिसावी आत यायला हवीच होती. नुसत्या आणल्या तर सात मुलांना त्या अंगावर आल्यासारख्या वाटणार, हेही उघड होतं. शेवटी चोरी, खोटं आणि दारू बाहेर गेल्या, या तीन आत आल्या. पण त्या आधी न वाचता काळपट्टीच्या शेवटी.

काळपट्टी सुतळीची, मापात: एक वर्ष म्हणजे दहा सेंटीमीटर. मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. तिथून तीस सेंटीमीटरवर मार्च १९३०, नाशिकचं काळाराम मंदिर. पुढे १९३५, येवल्याची घोषणा: हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मग रिकामी सुतळी. दोन मीटर दहा सेंटीमीटर रिकामी. मग १९५६. एकूण दोन मीटर नव्वद. आकडा सांगून जे होत नाही ते रिकाम्या सुतळीने होतं. पहिलाच प्रश्न आला, ‘‘एवढा वेळ ते काय करत होते?’’ बाकीचं राजकारण आणि राज्यघटना आहेच, पण या विषयासाठी उत्तर एकच लिहायचं: धर्म तपासत होते. कुठला धर्म घ्यायचा, हे ठरवायला एका माणसाने लावलेली वर्षं.

(सुतळी ब्लू-टॅकने, म्हणजे भिंतीला चिकटवायच्या लगद्याने, लावू नका. पहिल्या पाच मिनिटांत १९३५ खाली आलं. मास्किंग टेप, दर पन्नास सेंटीमीटरवर एक पट्टी, आणि सुतळी आदल्या दिवशी ताणून ठेवायची.)

तळ्यापाशी अडचण आली, ती येतेच. नळ उघडला की पाणी येतं अशा मुलांना चवदार तळं कळत नाही. एकाने विचारलं, दुसऱ्या तळ्यावर का नाही गेले? प्रशिक्षणार्थीने उलट विचारलं, शाळेतला पाण्याचा नळ तुझ्या वर्गातल्या सहा जणांना बंद केला आणि सांगितलं की बाहेर रस्त्यावर दुसरा आहे, तर? मी लगेच कागदावर फुली मारली. वर्गातल्या मुलांची खऱ्या किंवा खोट्या गटांत वाटणी करून भेदभाव ‘अनुभवायला’ लावायचा नाही. अशा वर्गात कोणासाठी ते खेळ असतं आणि कोणासाठी नसतं. त्याने वाटणी केली नाही, नुसतं विचारलं, तरी एका मुलाने शेजाऱ्याला ‘तू त्या सहांतला’ म्हटलंच. त्याऐवजी आता आम्ही एवढंच सांगतो की कुलाबा जिल्ह्यातलं ते तळं ठरावाने सगळ्यांसाठी खुलं झालेलं होतं. परवानगी कागदावर होती, पाणी पिऊ देत नव्हते. हे मुलांना लगेच कळतं.

जातीवर बोलण्याआधी फळ्यावर एक ओळ: या खोलीत कोणीही कोणाची जात, आडनावाचा अर्थ किंवा गाव विचारणार नाही. इथल्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख आणण्याची तरतूद २०१३ मध्ये झाली, आणि २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचं ठरवलं. त्यामुळे शिक्षकाने कायद्याच्या भरवशावर न राहता शाळेच्या छळविरोधी नियमांवर बोट ठेवावं. ते पुरेसे आहेत.

मग प्रतिज्ञांची कार्डं. चार-चारचे सात गट, प्रत्येकाला सहा कार्डं. पहिल्या कार्डावर अपेक्षित होतं तेच झालं. एक मुलगा म्हणाला, ‘‘हा आमच्या देवांचा अपमान आहे.’’ यासाठी उत्तर आधीच ठरवलेलं होतं, आणि ते धर्माचं कमी, व्याकरणाचं जास्त. ‘‘वाक्यातला कर्ता कोण आहे?’’ मुलाने वाचलं: मी. ‘‘तुम्ही मानू नका असं कुठे आहे?’’ नव्हतं. प्रतिज्ञा प्रथमपुरुषी आहे. घेणारा स्वतःबद्दल बोलतोय. मुलगा म्हणाला, ‘‘तरी मला आवडलं नाही.’’ त्यावर आमच्या तरुणाने उत्तर दिलं ते मला फार आवडलं: ‘‘नको आवडू दे. त्यांनी असं का म्हटलं, ते सुतळीवर दाखव.’’ मुलगा उठला आणि काळाराम मंदिरापाशी जाऊन उभा राहिला. राग गेला नव्हता. पण बोट बरोबर जागी होतं.

शेवटची सात मिनिटं, पुन्हा पाट्या. प्रश्न तोच, फक्त सुरुवात दिलेली: ‘___ यांच्या मते पुन्हा जन्म ___ होतो.’ पहिल्या जागी नाव, गट किंवा ठिकाण सक्तीचं. आमच्या तरुणाने पाचपर्यंत मोजलं. त्याचे ओठ हलताना मला दिसले. नऊ पाट्यांवर नागपूर होतं. बाकी बऱ्याच ठिकाणी थायलंड, जपान. खिडकीजवळच्या मुलीने लिहिलं होतं तिबेट: दलाई लामा १९३५ साली जन्मले आणि दोन वर्षांनी शोधून ओळखले गेले. घरचं तिने काहीच लिहिलं नाही. त्याने तिला ‘का’ विचारलं नाही.

तास संपताना मुलांकडून लिहून घेतलेल्या चिठ्ठ्या वाचताना एक नवी गडबड सापडली. चार मुलांनी लिहिलं होतं, ‘गरीब होते म्हणून बौद्ध झाले.’ तळं, मंदिर, बंद दार एवढंच दाखवलं की असं होतं. माणसं फक्त सोसणारी दिसतात. म्हणून पुढच्या वर्गासाठी सुतळीला १९२७ च्या आधी अर्धा मीटर जोड दिला. त्यावर लंडनची १०, किंग हेन्रीज रोड ही पाटी, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले आणि जे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आणि १९२३ ची लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधली डी.एससी. हे घर इथून गाडीने दोन-अडीच तासांवर. चार मुलांची ती चूक दुसऱ्या वर्गात एकाने केली. पूर्ण गेली नाही.

त्याच्या तक्त्यात बौद्ध धर्म अजून हिरवाच आहे. मी बदलायला सांगितलं नाही. ‘आजचं वास्तव’ ही एक चौकट त्याने स्वतःच पिवळी केली.

मी मात्र विभागाच्या बाकीच्या पुस्तिका काढून बसले, कारण एका स्लाइडमध्ये असेल तर दुसरीकडेही असणार. सातवीच्या हिंदू धर्माच्या पुस्तिकेत पान ११ वर दशावतारांचा तक्ता आहे, नववा अवतार बुद्ध. हे पान वाचून मुलं वर्षभराने पाचव्या प्रतिज्ञेच्या कार्डापाशी येतात. पान काढून टाकता येत नाही, कारण पुराणांत ते आहे आणि वर्गातल्या काही घरांतही आहे. तसंच ठेवताही येत नाही. त्यात महाराष्ट्रातला गुंता वेगळाच: जुन्या पंचांगांच्या दशावतार-चित्रांत नवव्या जागी कित्येकदा कमरेवर हात ठेवलेला पांडुरंग दिसतो. तूर्त त्या नवव्या चौकटीतलं नाव आम्ही कोरं ठेवलंय आणि खाली तीन ओळी दिल्यात, तिन्ही कोण, कुठले, केव्हा यांसकट. जानेवारीत ते पान पहिल्यांदा वर्गात जाईल. शिकवायचं आमच्या प्रशिक्षणार्थीलाच आहे.